पूल जगप्रसिद्ध, गावाला महापौरच नाही!

वॉशिंग्टनच्या वायव्येला, पोटोमॅक नदीकाठी वसलेलं केबिन जॉन हे मेरीलँडमधलं दोन-अडीच हजार वस्तीचं उपनगर. अमेरिकेच्या राजधानीच्या जवळ आहे, पण इथं ना नगरपालिका, ना महापौर, ना नगरसेवक. रस्ते, शाळा, पोलीस सगळं माँटगोमेरी काउंटीच्या हाती. तरी गावाचा बाणा मात्र अस्सल स्वतःचा!

गावाआधी पूल
राजधानीला पोटोमॅकवरच्या ग्रेट फॉल्स धबधब्याचं पाणी पोचवायचं काम लष्करी इंजिनिअर माँटगोमेरी मेग्ज यांच्याकडे आलं. वाटेतल्या केबिन जॉन ओढ्यावर त्यांनी 1857 पासून दगडी कमान उभारली. गाळा तब्बल 220 फुटांचा आणि मध्ये एकही खांब नाही! पुढे 1903 पर्यंत एवढी लांब दगडी कमान जगात दुसरी नव्हती.

पोटात पाणी, पाठीवर मोटारी
हा पूल आजही दुहेरी नोकरी करतो. आतून राजधानीचं पाणी जातं, वरून मॅकआर्थर बुलेव्हार्ड हा रस्ता. रुंदी जेमतेम एका मोटारीची, म्हणून दोन्ही टोकांना सिग्नल. इकडचा हिरवा झाला की तिकडच्यांनी गपगुमान थांबायचं.

दगडावरचं नाव गेलं, परत आलं
राजधानीच्या पाणीयोजनेचं काम सुरू झालं तेव्हाचे युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस. त्यांचं नाव पुलावर कोरलं होतं. पुढे ते यादवी युद्धातल्या बंडखोर दक्षिणी राज्यांचे अध्यक्ष झाले आणि 1862 मध्ये त्यांचं नाव छिन्नीनं उडवलं गेलं. थिओडोर रूझवेल्ट यांच्या कारकिर्दीच्या शेवटी, 1909 मध्ये, ते पुन्हा कोरलं गेलं.

मजुरांच्या खाऊतून हॉटेल
जोसेफ बॉबिंजर पुलावरचे गवंडी. त्यांच्या पत्नी रोझा मजुरांना खाणं विकायच्या. त्यातूनच पुलाशेजारी मोठं हॉटेल उभं राहिलं आणि वॉशिंग्टनकर ट्रामनं सहलीला येऊ लागले. 1931 मध्ये हॉटेल आगीत खाक झालं आणि 1960 च्या जानेवारीत ट्रामही थांबली. हॉटेलचं गॅसघर मात्र ओढ्याजवळ अजून उभं आहे.

हायवे आला, वस्ती दुभंगली
गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी इथं गिब्सन ग्रोव्ह चर्च आणि मोझेस हॉल उभारला. हॉलजवळच त्यांची दफनभूमी. 1960 च्या दशकात राजधानीभोवतीचा रिंगरोड या वस्तीच्या मधून गेला. चर्च एका बाजूला, हॉल आणि दफनभूमी दुसऱ्या बाजूला. अलीकडे तोच रस्ता रुंद करायचं ठरलं, तेव्हा वंशज आणि शेजारी कंबर कसून उभे राहिले. शेवटी दफनभूमी वाचावी म्हणून आराखडा बदलावा लागला.

मग गावाला बांधून ठेवतं कोण?
1919 मध्ये स्थापन झालेली नागरिक संघटना! तिच्या हाती कर बसवायचा अधिकार नाही, पण गावाचं स्वतःचं वार्तापत्र आहे आणि दर सप्टेंबरला खेकड्यांची जंगी मेजवानीही. गाव टिकवायला खुर्ची लागत नाही, हाकेला धावणारी माणसं लागतात. केबिन जॉननं हे शंभर वर्षांहून जास्त काळ करून दाखवलंय!