प्रतिजैविके आणि जीवाणूंचे अंगभूत कवच

कोल्हापूर जिल्ह्याच्या ग्रामीण अर्थव्यवस्थेत दुग्धव्यवसायाचे स्थान फार मोठे आहे. १९६३ साली जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला आणि लहान शेतकऱ्याच्या गोठ्यातील दूध पुणे-मुंबईपर्यंत पोहोचू लागले. या व्यवसायाचा जुना शत्रू म्हणजे कासदाह, अर्थात 'दगडी'. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक होय. त्यावर प्रतिजैविके दिली जातात. परंतु रोग पुष्कळदा उलटतो. असे का व्हावे?

प्राणवायूवर जगणाऱ्या पेशीत श्वसनाच्या ओघातच सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड हे घातक पदार्थ निर्माण होतात. शरीरातील पांढऱ्या पेशी हेच पदार्थ शस्त्र म्हणून जीवाणूंवर सोडतात. त्यांच्यापासून बचाव करण्यासाठी जीवाणूंजवळ ऑक्सिडीकरणरोधक विकरे असतात. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज पहिल्या पदार्थाचे रूपांतर दुसऱ्यात करते, तर कॅटॅलेज दुसऱ्याचे विघटन करून पाणी व प्राणवायू मोकळा करते. काचपट्टीवरील जीवाणूंवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकताच येणारे बुडबुडे ही त्याचीच खूण. उपरोक्त जीवाणूचा सोनेरी रंगही असेच कवच असल्याचे २००५ साली दिसून आले.

या कवचाचा औषधांशी संबंध काय? जीवाणुनाशक प्रतिजैविके पेशीभित्ती, प्रथिननिर्मिती किंवा डीएनए यांवर आघात करतात. त्याबरोबरच पेशीत घातक ऑक्सिडीकारक पदार्थ वाढून मृत्यूला हातभार लागतो, असा निष्कर्ष अमेरिकेतील जेम्स कॉलिन्स व सहकाऱ्यांनी २००७ साली मांडला. प्राणवायूच्या अभावीही ही औषधे जीवाणूंना मारतात, असे २०१३ साली अन्य संशोधकांनी दाखविले. म्हणून हे एकमेव कारण नव्हे. तथापि कवच बळकट असेल तर जीवाणू अधिक काळ तग धरू शकतो. जीवाणूंनी स्वतः तयार केलेला हायड्रोजन सल्फाइड वायूही त्यांना असेच संरक्षण देतो, हे एव्हगेनी नुडलर यांच्या गटाने २०११ साली सिद्ध केले.

तग धरणे म्हणजे प्रतिरोध नव्हे. प्रतिरोध हा जनुकांतील बदलामुळे येतो व पुढील पिढ्यांत उतरतो. मात्र पहिल्यातून दुसऱ्याला वाव मिळतो. औषधाची मात्रा अपुरी असली, तर ऑक्सिडीकारक पदार्थ जीवाणूला मारण्याइतके साचत नाहीत, पण त्याच्या डीएनएला इजा करतात. त्यामुळे उत्परिवर्तने वाढून निरनिराळ्या औषधांना दाद न देणारे जीवाणू उद्भवू शकतात, असे २०१० सालच्या प्रयोगांत आढळले. अर्धवट उपचार हा अशा रीतीने दुहेरी हानिकारक ठरतो.

म्हणूनच दुधाचा नमुना तपासून औषध ठरविणे, पशुवैद्यकाने सांगितलेला उपचार पूर्ण करणे आणि विहित मुदत संपेपर्यंत त्या जनावराचे दूध संस्थेत न घालणे आवश्यक आहे. अशा दुधातील औषधाच्या अंशाने विरजणातील उपयुक्त जीवाणू मरतात व दहीही नीट लागत नाही. मानवी उपचारांतील अखेरचे औषध मानले जाणारे कोलिस्टिन पशुपालनात वापरण्यास केंद्र शासनाने २०१९ साली बंदी घातली, ती याच जाणिवेतून.

प्रतिरोधी जीवाणू गोठा आणि घर असा भेद करीत नाहीत. ही गोष्ट ग्रामसभेत, शाळेत व दूध संस्थेच्या बैठकीत समजावून सांगितली गेली, तर आज हाती असलेली औषधे पुढील पिढीच्याही उपयोगी पडतील.