चमचाभर औषधाचे त्रैराशिक

तापाने फणफणलेल्या मुलाला ‘एक चमचा सिरप’ देणे हा घरोघरी चालणारा व्यवहार आहे. पण त्या चमच्यात औषध किती, हे बाटलीवरील मजकूर वाचल्याशिवाय सांगता येत नाही. पॅरासिटामॉलच्या एका बाटलीत ५ मिलीमध्ये १२५ मिलिग्रॅम औषध असते, दुसरीत २५०; आणि तान्ह्या मुलांसाठीच्या थेंबांत तर एका मिलीतच १०० मिलिग्रॅम. चमचा तोच, मात्रा दुप्पट वा चौपट.

शालेय पुस्तकातील गुणोत्तर-प्रमाणाचे शाब्दिक उदाहरण येथे थेट घरात येते. मुलाचे वजन १२ किलो असून डॉक्टरांनी एका वेळेस किलोमागे १५ मिलिग्रॅम औषध सांगितले आहे, असे धरावे. म्हणजे १८० मिलिग्रॅम. आता २५० मिलिग्रॅमला ५ मिली, तर १८० ला किती? १८० × ५ ÷ २५० = ३.६ मिली.

ही रीत म्हणजे जुने त्रैराशिक. इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त ती आहे आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (सुमारे ११५०) तिचा विस्तार आढळतो. ज्ञात जोडीतील पहिली राशी ‘प्रमाण’, दुसरी ‘फल’, आणि जिचे फल काढायचे ती ‘इच्छा’. फलाला इच्छेने गुणावे, प्रमाणाने भागावे. प्रमाण व इच्छा एकाच जातीच्या हव्यात. वरील उदाहरणात दोन्ही मिलिग्रॅम आहेत. विद्यार्थी अडखळतात ते बहुधा गुणाकारात नव्हे, या मांडणीत.

दुसरी चूक अधिक फसवी. १२५ च्या बाटलीतून ७.२ मिली लागत असेल, तर २५० च्या बाटलीतून किती? सवयीने ‘१२५ ला ७.२, तर २५० ला १४.४’ असे मांडले की आकडे निमूटपणे जुळतात आणि मुलाच्या पोटात चौपट औषध जाते. औषध तीव्र झाले की सिरप कमी लागते, म्हणून येथे १२५ × ७.२ ÷ २५० = ३.६ असे करावे लागते. हे व्यस्त त्रैराशिक. भास्कराचार्यांनी त्यासाठी सोन्याच्या कसाचे उदाहरण घेतले आहे: तेवढ्याच किमतीत अधिक कसाचे सोने कमीच मिळणार. गुणण्याआधी ‘उत्तर वाढेल की घटेल?’ एवढे मनाशी ठरवले तर ही चूक कागदावर उतरतच नाही.

थेंबांच्या बाटलीसाठी तेच उत्तर १.८ मिली येते. ते सोबतच्या ड्रॉपरनेच मोजावे. स्वयंपाकघरातील चमच्यावर मिलीच्या खुणा नसतात.