शब्दांचा ताप

आमच्या बालरोगशास्त्राची मोठी अडचण अशी की, ज्याला दुखते तो बोलत नाही आणि जे बोलतात त्यांना दुखत नसते. सहा महिन्यांचे बाळ आपली व्यथा रडण्यापलीकडे सांगू शकत नाही. त्याची सारी हकीकत आमच्यापर्यंत पोचते ती आई, वडील, आजी, आत्या आणि कधीकधी शेजारच्या काकू यांच्या तोंडून. इतर शाखांतील वैद्यकमित्र रुग्णाला ‘कुठे दुखते ते बोटाने दाखवा’ असे म्हणू शकतात. आम्हांला ते बोट दुसऱ्याकडून उसने घ्यावे लागते. इंदुरात पंचवीसहून अधिक वर्षे दवाखाना चालवल्यावर माझ्याजवळ रोगांइतकाच शब्दांचाही साठा जमला आहे. त्यांतले काही शब्द असे आहेत की, कानी पडताच कपाळावर आठी उमटल्याशिवाय राहत नाही. स्मरणिकेच्या संपादकांनी ‘काहीतरी हलकेफुलके लिहा’ अशी आज्ञा केली म्हणून ही पोतडी उघडतो आहे. विषय शेवटपर्यंत हलका राहील याची हमी मात्र देत नाही.

पहिला मान अर्थातच ‘काहीच खात नाही’ या वाक्याचा. हे वाक्य उच्चारले जात असताना चिरंजीवांच्या हातात बहुधा शेवेची पुडी असते. ‘काहीच’ या शब्दात सकाळचे पोहे, दोन पेले दूध, चार बिस्किटे आणि आजोबांच्या ताटातली जिलबी धरलेली नसते; ‘काहीच’ म्हणजे वरण, भात, पोळी, भाजी. वजनाचा तक्ता पुढे ठेवून रेष नीट वर चढते आहे असे दाखवले, तरी त्या रेषेपेक्षा शेजारणीचा मुलगा अधिक वजनदार ठरतो. मग पुढची मागणी येते, ‘काहीतरी ताकदीचे लिहून द्या’. ‘थंड पडले’, ‘औषध गरम पडते’ ही मंडळीही याच घराण्यातली. त्यांच्याशी मी आता भांडत नाही. ‘आम्हांला तुमचेच औषध सूट होते’ हे वाक्यही तितकेच अशास्त्रीय आहे, पण त्याने माझी चिडचिड झाल्याचे स्मरत नाही.

खरा घातक शब्द ‘जरासा’. ‘जरासा ताप आहे’ असे सांगून आणलेल्या मुलाच्या काखेतला पारा १०४ दाखवतो आणि ‘अंग नुसते भाजते आहे’ म्हणून रात्री अकरा वाजता फोन येतो तेव्हा तो ९९ च्या पुढे जात नाही. यात खोटेपणा नसतो. ज्या घरात आधीचे मूल आजारात गेले, तिथे ९९ म्हणजे खूप ताप. ज्या घरात चार मुले वाढली, तिथे १०४ म्हणजे जरासा. शब्द तापाची उंची सांगत नाही, घरातील भीतीची उंची सांगतो. म्हणून मी आकडा विचारतो आणि शब्दही ऐकून ठेवतो. दोन्ही नोंदी उपयोगी पडतात.

‘दात येताहेत, म्हणून जुलाब होताहेत’ या वाक्याने मात्र मला कधीच हसू आलेले नाही. योगायोग असा की, बहुतेक मुलांना पहिला दात सहा महिन्यांच्या आसपास येतो. त्याच सुमारास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते, वरचे अन्न सुरू होते आणि बाळ रांगत रांगत दिसेल ती वस्तू तोंडात घालू लागते. जुलाब होतात ते या दुसऱ्या कारणांनी. दात बिचारे त्याच वेळी हजर असतात आणि आरोप अंगावर घेतात. पण ‘दातांचेच आहे’ असे एकदा म्हटले की घर निश्चिंत होते, आणि त्या निश्चिंतीत दोन दिवस जातात. आठ महिन्यांच्या बाळाच्या शरीरातले पाणी दोन दिवस वाट पाहत नाही. टाळू खोल जाते, डोळे आत जातात, लघवी थांबते, आणि मग ते मूल माझ्या टेबलावर येते तेव्हा रडतानाही डोळ्यांत पाणी नसते. विसावा दात येईपर्यंत अडीच वर्षांचा काळ जातो. इतक्या काळातल्या साऱ्या जुलाबांना सबब एकच.

जुलाबांवरून आणखी एका शब्दाची गोष्ट सांगितली पाहिजे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याने माणसे पटापट मरत होती आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. त्या वेळी डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ आणि ग्लुकोज यांचे पाणी तोंडाने पाजण्याचा धोका पत्करला. छावणीतील मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. हेच ते ओआरएस. आज वापरात असलेल्या, जागतिक आरोग्य संघटनेने २००२ साली सुधारलेल्या सूत्रात एक लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते. त्याच्या जोडीला पोटॅशियम क्लोराईड व सायट्रेट. हे प्रमाण हाच त्या औषधाचा प्राण आहे. साखर वाढली की आतड्यात पाणी शोषले जाण्याऐवजी उलट ओढले जाते आणि जुलाब वाढतात.

असे असता कित्येक वर्षे औषधांच्या दुकानांत फळांच्या चवीची गोड पेये खोक्यांत विकली जात होती आणि त्या खोक्यांवर ‘ओआरएस’ ही तीन अक्षरे ठळक छापलेली असत. त्यांत साखर या सूत्राच्या कितीतरी पट. आई दुकानात जाऊन ‘ओआरएस द्या’ म्हणे, दुकानदार खोके देई. बाळाला ते गोड पाणी आवडे आणि ‘तुम्ही सांगितलेले ओआरएस देऊनही जुलाब वाढलेच’ हे वाक्य आम्हांला ऐकावे लागे. या वाक्याचा राग यावा, इतके ते वारंवार कानी पडे. पण आईचे त्यात काय चुकले? तिने शब्द बरोबर उच्चारला होता. लबाडी शब्दाच्या मालकीत होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या तीन अक्षरांसाठी सुमारे आठ वर्षे झगडल्या. मध्यंतरी खाली बारीक टीप छापून हा शब्द वापरण्याची मुभाही देण्यात आली होती. अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात हा शब्द वापरण्यास मनाई केली. एका संक्षेपासाठी एका डॉक्टरने आठ वर्षे घालवावीत, हे ज्यांना विचित्र वाटेल त्यांनी एकदा जुलाबाच्या मोसमात आमच्या वॉर्डात यावे. तरीही मी आजही केवळ ‘ओआरएस’ असे लिहून थांबत नाही. पुडी दाखवतो आणि ‘एक पुडी, एक लिटर, चमच्याचमच्याने’ असे आईकडून म्हणून घेतो.

आता थोडे आपल्या मराठीविषयी. पुण्यामुंबईचे नातलग इंदुरी मराठीला हसतात, हे आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. ‘त्याला उलट्या होऊन राहिल्या आहेत’ असे कोणी म्हटले की त्यांच्या चेहऱ्यावर एक सोशिक भाव येतो. माझा मात्र या ‘राहिल्या’वर जीव आहे. ‘उलट्या होतात’ म्हणजे केव्हा? काल, अधूनमधून, की आत्ता? ‘होऊन राहिल्या आहेत’ म्हणजे आत्ता, थांबल्या नाहीत, डॉक्टर, उठा. इतकी नेमकी माहिती प्रमाण मराठीने मला क्वचितच दिली आहे.

असाच एक शब्द ‘पसली’. ‘पसली चलना’ ही माळव्यातील बोलीतली संज्ञा आपल्याही घरांत रुळली आहे. नवशिक्षित डॉक्टरांना ती गावंढळ वाटते. काही वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात एक सात महिन्यांची मुलगी आली. वडील अभियंते, त्यांनी इंग्रजी शब्दांनी सजवलेली हकीकत सांगितली: माइल्ड कोल्ड आहे, जरासे कंजेशन आहे, नेब्युलायझर घरीच लावले, दोन दिवसांत सेटल होईल असे वाटते. मागे उभ्या असलेल्या आजी दोनदा बोलायला गेल्या आणि दोनदा मुलाने ‘आई, तू थांब जरा’ म्हणून गप्प केले. तिसऱ्या वेळी मीच त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, काल रात्रीपासून हिची पसली चालून राहिली आहे.” झबले वर केले तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. घड्याळ लावून मोजले: मिनिटाला ६४ श्वास. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० च्या पुढे गेले की न्यूमोनियाची शंका घ्यावी (एक ते पाच वर्षांत ४०, दोन महिन्यांच्या आत ६०), आणि बरगड्यांखालचा खळगा हे त्याहून गंभीर लक्षण, हे आपण सारे जाणतोच. मुलगी पाच दिवस प्राणवायूवर होती. बरी होऊन घरी गेली. अभियंत्याचे सारे शब्द शुद्ध होते. रोगाचे वर्णन मात्र आजींच्या एकट्या शब्दात होते. याच पसलीवर आपल्या प्रदेशातील काही आदिवासी पट्ट्यांत अजूनही तापलेल्या लोखंडाने बाळाला डाग देतात. त्या क्रूर उपायाचा निषेध करताना त्या शब्दालाही हसण्याची पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही.

आयांना चिडवणारे शब्द निराळेच असतात आणि ते बहुधा पाहुण्यांच्या तोंडून येतात. ‘बाळ वाळल्यासारखे दिसते गं’, ‘तुझे दूध पुरत नसेल’. बाळंतिणीच्या खोलीत चहा पिता पिता एखाद्या मावशींनी सहज म्हटलेल्या या दोन वाक्यांमुळे किती बाळांच्या तोंडी बाटली गेली असेल, कोण जाणे! बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. ते ठरवायला काटा पुरेसा आहे, मावशी लागत नाहीत. पण काटा एकदा बोलतो आणि मावशी रोज येतात.

न्यायाने आता आमच्या व्यवसायाकडे वळले पाहिजे, कारण लोकांना ताप देणारे शब्द आमच्याकडेही पुष्कळ आहेत. ‘अटेंडर कोण आहे?’ या हाकेने मुलाचा बाप क्षणात नोकर होतो. प्रत्येक आईला ‘मम्मी’ म्हणण्याची जी चाल परिचारिकांत पडली आहे, तिने पहिलटकरीण खुलते आणि चार मुलांची आई ओशाळते. ‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य तर ऐकणाऱ्याला हमखास टेन्शन देते. तोवर बिचाऱ्याने घेतलेले नसते. आणि या सर्वांचा मुकुटमणी, ‘व्हायरल’. एका शिक्षिका असलेल्या आईने मला सरळच विचारले, “डॉक्टर, ‘व्हायरल’ म्हणजे तुम्हांला कळले नाही असेच ना?” मी हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ‘व्हायरल’ या शब्दाला नेमका अर्थ आहे: प्रतिजैविकाचा उपयोग नाही, शरीर आपणच हा लढा जिंकेल. पण तो शब्द उच्चारून दार बंद केले, तर आईच्या हाती काहीच लागत नाही. तिला पुढचे वाक्य हवे असते: बाळ पाणी प्यायचे थांबले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, हाक मारूनही नीट जागे होत नाही किंवा श्वास जोरात चालला, तर मध्यरात्रीही घेऊन या. हे वाक्य सांगायला अर्धे मिनिट लागते. माझ्या मते ज्याच्याजवळ हे अर्धे मिनिट नाही, त्याने ‘व्हायरल’ म्हणू नये.

शेवटचा शब्द ‘साधे’. ‘साधे खोकल्याचे औषध दिले होते’ हे वाक्य पूर्वी मीही फारशा चिकित्सेविना ऐकत असे. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ नंतर आपल्या राज्यातला कोणताही बालरोगतज्ज्ञ ते तसे ऐकू शकत नाही. छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्या बाटल्यांत डायएथिलीन ग्लायकॉल निघाले, जे ०.१ टक्क्यापलीकडे असू नये, ते तपासणीत ४८ टक्क्यांहून अधिक आढळले. क्लोरफेनिरामाइन व फिनाइलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे आदेश तर डिसेंबर २०२३ मध्येच निघाले होते. आईबापांच्या लेखी ते ‘साधे’ औषध होते, कारण ते गोड होते, रंगीत होते आणि घराघरांत होते. दोन वर्षांखालच्या मुलाला खोकल्याचे औषध देऊच नये, पाच वर्षांपर्यंत सहसा देऊ नये, असे केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने त्याच ऑक्टोबरात पुन्हा बजावले. वर्षाच्या पुढच्या मुलाला रात्री चमचाभर मध, त्याहून लहानाला नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि आईचे दूध, एवढ्यावर बहुतेक खोकले आपल्या वेळेने जातात.

हल्ली कोणी ‘साधे औषध दिले आहे’ म्हणाले की मी विचारतो, “कोणते? बाटली घेऊन या.” पूर्वी लोक नाराज होत. आता निमूटपणे घरी जाऊन बाटली आणतात, आणि मग आजोबा आणि मी, दोघेही आपापले चष्मे शोधून त्या चिठ्ठीवरची मुंगीएवढी अक्षरे वाचत बसतो.