पायाखालचा नकाशा फुकट आहे, उघडलाय का कधी?

गावात बोअरची गाडी आली की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. अर्धं गाव शेतात जमतं. पाणाडी तळहातावर नारळ आडवा धरून फिरतो, नारळ उभा राहिला की तिथे दगड ठेवायचा. मग रात्रभर गडगडाट, राखाडी धूळ, आणि सकाळी घरमालकाचा चेहरा बघवत नाही. पारोळा तालुक्यातल्या माझ्या मामाने दोन वर्षांत असे दोन बोअर मारले. दोन्ही कोरडे. दीड लाख गेले. आणि बांधापासून हाकेच्या अंतरावर, दक्षिणेला, शेजाऱ्याच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी! मामा म्हणतो, "नशीब, दुसरं काय."

मीही नशीबच म्हणत होते. इंटर्नशिपमध्ये पाण्यावर काहीतरी लिहायचं म्हणून शोधाशोध करताना एका रात्री ‘भूकोश’ उघडलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाचं, म्हणजे जीएसआयचं हे पोर्टल. संस्था १८५१ सालची, आणि जमिनीवर फिरून, दगड फोडून तिने केलेले नकाशे इथे आहेत. नाव नोंदवा, आपला भाग निवडा, डाउनलोड करा. पैसे शून्य. आपण रील्सवर जेवढा डेटा उडवतो, त्याच्या पावपटही लागत नाही.

आता खानदेश म्हणजे बेसाल्ट, काळा दगड, हे आपण शाळेत शिकलो. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, वगैरे. पण शाळेत हे कुणी सांगितलं नाही की धुळे-नंदुरबार भागात त्या थरांना उभे चिरत गेलेल्या दगडी भिंती आहेत. त्यांना डाइक म्हणतात. जमिनीला लांबच लांब भेग पडली, खालून लाव्हा त्यात घुसला आणि तिथेच थिजला. २००७ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी या पट्ट्यातले सुमारे २१० डाइक नकाशावर मांडले. बहुतेक सगळे पूर्व-पश्चिम. जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत. आणि सगळ्यात लांब डाइक ७९ किलोमीटरचा! त्याचं नाव वाचून मी खुर्चीतून उठलेच: साक्री-धुळे-पारोळा. सुरत-नागपूर हायवेवरची आपलीच तीन गावं. एसटीच्या खिडकीतून धुळ्याच्या आसपास ज्या बुटक्या, सरळ रेषेतल्या टेकड्यांच्या ओळी दिसतात ना, त्यातल्या कित्येक अशाच भिंती आहेत. मी पाच वर्षं त्या रस्त्याने ये-जा केली, कानात हेडफोन घालून.

या भिंतीचा मामाशी संबंध काय? पारोळ्याच्या बाजूला जमिनीचा उतार उत्तरेकडे, तापीकडे. बोरी नदी तशीच वाहते. जमिनीखालचं पाणीही साधारण उताराने जातं. वाटेत आडवी, अखंड दगडाची भिंत आली तर ते अडतं. वरच्या अंगाला साठतं, खालच्या अंगाला तुटवडा. मामाच्या शेताजवळून नकाशावर एक बारीक रेघ जाते. शेजाऱ्याची विहीर तिच्या दक्षिणेला, मामाचे दोन्ही बोअर उत्तरेला.

लगेच शेअर करू नका, थांबा. मीही उत्साहात मामाला फोन लावला होता, मग एका भूगर्भशास्त्राच्या सरांनी मला जमिनीवर आणलं. सगळे डाइक पाणी अडवत नाहीत. काही तडकलेले असतात, त्या भेगांतूनच पाणी मिळतं; साक्री तालुक्यात तर डाइककडे पाण्याचा साठा म्हणूनही पाहिलं गेलंय. दुसरं म्हणजे स्केल. नकाशा आहे १:५०,०००, म्हणजे १ सेंटिमीटरला ५०० मीटर. दोन एकराचं शेत त्यावर जेमतेम २ मिलिमीटरचं. तीन मीटर जाडीचा डाइक तर पेनच्या रेघेपेक्षाही बारीक. त्यामुळे ‘इथे बोअर मारा’ हे हा नकाशा कधीच सांगणार नाही. ‘इथे मारण्याआधी माणूस बोलवा’ एवढं मात्र सांगतो, आणि दीड लाखाच्या आधी एवढं कळणं कमी नाही.

नकाशा वाचता येणारा माणूस काय करू शकतो, हे बघायला शिरपूरला जा. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून तिथे काम केलं. तालुक्याचा काही भाग तापीचा गाळ, उरलेला बेसाल्ट. दोन्हीत पाणी वेगळ्या तऱ्हेने मुरतं, हे धरून नाले रुंद-खोल केले, साखळीने बंधारे बांधले, कोरड्या विहिरींत पाणी सोडलं. तोच ‘शिरपूर पॅटर्न’. पुढे त्याची राज्यभर चर्चा झाली आणि जेसीबी सगळीकडे पोहोचले. दगड मात्र सगळीकडे तोच नव्हता, आणि अनेक भूजलतज्ज्ञांचा आक्षेप नेमका हाच होता. मला तो पटतो. पॅटर्न उचलला, नकाशा शिरपुरातच राहिला.

जळगावच्या केळीवाल्यांना हे वेगळ्या बाजूने माहीत आहे. रावेर-यावलकडे सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे आणि वाळूचा जाड पट्टा आहे, ‘बझाडा’ म्हणतात त्याला. पाणी पटकन मुरतं, आणि उपसाही तेवढाच झाला. तापीच्या महाकाय पुनर्भरण योजनेचा महाराष्ट्र-मध्य प्रदेश करार मे २०२५ मध्ये झाला, त्याचा सगळा आधार हाच पट्टा आहे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. फेब्रुवारी २०२१ पासून देशात नकाशांवरचे परवान्यांचे नियम सैल झाले. आपण नकाशे बनवू शकतो, वाटू शकतो. पण भूकोशवरचा नकाशा आहे इंग्रजीत, ‘पाहोएहो फ्लो’ अशा शब्दांत. मामा ज्याला ‘मांजऱ्या’ म्हणतो, तो दगड तिथे त्याला सापडणारच नाही. सार्वजनिक म्हणजे फक्त फुकट का?

हे काम आपल्याला जमण्यासारखं आहे. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. आपल्या विद्यापीठात भूविज्ञान शिकवणारे शिक्षक आहेत. एनएसएसच्या सात दिवसांच्या कॅम्पमध्ये गावातली प्रत्येक विहीर मोबाइलच्या जीपीएसवर नोंदवा: किती फुटांवर मुरूम संपला, पाषाण कुठे लागला, पाणी कोणत्या महिन्यात तळाला जातं. विहीर खोदणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना थर तोंडपाठ असतात. फसलेले बोअरही लिहा. ते कुणीच लिहीत नाही.

आमच्या चौघांच्या ग्रुपने मामाच्या गावात सुरुवात केलीय. एकतीस विहिरी झाल्या, दगडांची नावं मामाच्या भाषेत. तिसऱ्या बोअरची गाडी त्याने सध्या थांबवली आहे. रविवारी सर शेतावर येतायत. पाणाडीबाबांनाही बोलावलंय, त्यांनी दाखवलेल्या जुन्या जागा आम्हाला नकाशावर घ्यायच्या आहेत.