ओटीपोटातील गाठ आणि न दिसणारा रक्तस्राव

“पोटाला गुबारा धरला आहे, ओवा खाल्ला की बरे वाटेल,” असे म्हणून घरातील ज्येष्ठ स्त्रिया पोटदुखी अंगावर काढतात. बहुतेक वेळा ते खरेही ठरते. परंतु क्वचित प्रसंगी त्या दुखण्यामागे गर्भाशयाची गाठ फुटून पोटाच्या पोकळीत होणारा रक्तस्राव असतो. हे रक्त बाहेर येत नाही, म्हणून धोका कोणाच्या लक्षात येत नाही.

गर्भाशयात स्नायूंच्या गाठी, म्हणजे फायब्रॉइड, होणे सामान्य आहे. त्यांतील बहुसंख्य निरुपद्रवी असतात. मात्र मोठ्या गाठीच्या पृष्ठभागावरील शिरा ताणून फुगतात आणि एखादी शीर अकस्मात फुटू शकते. लायोमायोसार्कोमासारख्या दुर्मीळ कर्करोगाच्या गाठी वेगाने वाढतात, त्यांचा गाभा सडतो आणि आवरण फाटून रक्त वाहू लागते.

रजोनिवृत्तीनंतर फायब्रॉइड सहसा आक्रसतात. त्या वयात गाठ वाढत असेल किंवा पाळी थांबल्यावर पुन्हा थोडासाही रक्तस्राव झाला, तर तपासणी लांबवू नये. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेतलेल्या किंवा ओटीपोटावर किरणोपचार झालेल्या स्त्रियांनी अधिक सावध राहावे. केवळ सोनोग्राफीवरून साधी गाठ व सार्कोमा यांतील भेद खात्रीने सांगता येत नाही. फायब्रॉइड समजून शस्त्रक्रिया केलेल्या सुमारे ३५० स्त्रियांपैकी एकीत सार्कोमा आढळतो, असा अंदाज अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये मांडला होता. म्हणून काढलेल्या गाठीचा पॅथॉलॉजी अहवाल न चुकता घ्यावा.

शुश्रूषा करणाऱ्यांनी ही लक्षणे ध्यानात ठेवावीत: अचानक उठलेली तीव्र पोटदुखी, फुगलेले व ताठ पोट, उभे राहताच घेरी, थंड घाम, फिकट चेहरा, जलद व क्षीण नाडी. पोटातील रक्ताने श्वासपटल चेतवले गेल्यास खांदाही दुखतो. रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांची नाडी रक्त जाऊनही फारशी वाढत नाही. तेव्हा केवळ नाडीवर विसंबू नये.

अशा वेळी शेकत किंवा पोट चोळत बसू नये. रुग्णाला आडवे झोपवावे, खाण्यापिण्यास काही देऊ नये, कारण तातडीने भूल द्यावी लागू शकते. वेदनाशामक गोळीही मनाने देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. शस्त्रक्रियागृह आणि रक्ताची सोय असलेले रुग्णालय गाठावे. पुण्यात स्थानकाजवळचे शासकीय ससून रुग्णालय १८६७ पासून रुग्णसेवेत आहे. जुने सोनोग्राफी अहवाल आणि औषधांची यादी सोबत न्यावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास ते प्रथम सांगावे. तेथे सोनोग्राफीने पोटातील रक्त लवकर दिसते. मग रक्त चढवून, शस्त्रक्रियेने रक्तस्राव थांबवता येतो.

आजी किंवा सासूबाई या विषयावर संकोचाने बोलत नाहीत. “या वयात कसली तपासणी?” हा प्रश्न त्यांच्या ओठांवर असतो. तो प्रश्न आपण हळुवारपणे बाजूला सारावा. “पाळी गेल्यावर कधी डाग दिसला का? पोट जड वाटते का?” एवढे निवांत क्षणी विचारावे. मिळालेले उत्तर डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे, हे पुढचे काम आपले.