स्पेनच्या फायास उत्सवाला मित्रांसोबत जाताय? कानांची काळजी अशी घ्या

‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ हा चित्रपट २०११ मध्ये आला आणि मित्रांचा ग्रुप करून स्पेनला जाण्याची हौस आपल्याकडे वाढली. चित्रपटातला टोमॅटोचा उत्सव ज्या बुन्योल गावात होतो, त्याच्या जवळच व्हॅलेन्सिया हे शहर आहे. या शहराचा स्वतःचा मोठा उत्सव मार्च महिन्यात असतो. त्याचं नाव ‘लास फायास’. २०१६ मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. चौकाचौकात उभारलेले प्रचंड पुतळे, बँड, पारंपरिक पोशाख आणि फटाके, फटाके, फटाके!

उत्सव जरूर पाहावा असाच आहे. पण तिथून परतताना बरेच जण कानात ‘कुईं’ असा आवाज घेऊन येतात आणि त्याला प्रवासाची गंमत समजतात. हा आवाज म्हणजे कानाला झालेली इजा असते. ती टाळता येते आणि त्यासाठी खर्च अगदी थोडा येतो. म्हणून जाण्यापूर्वी हे वाचा.

तिथे आवाज नेमका किती असतो?

१ ते १९ मार्च या काळात रोज दुपारी २ वाजता व्हॅलेन्सियाच्या नगरपालिका चौकात ‘मास्क्लेता’ होते. ही आतषबाजी डोळ्यांसाठी नसून कानांसाठी असते. भर दुपारी, साधारण ५ ते ७ मिनिटं, एका लयीत बार उडत जातात. आवाज चढत जातो आणि शेवटी इतके बार एकत्र उडतात की पायाखालची जमीन हादरते. या शेवटाला तिथले लोक ‘तेर्रेमोतो’, म्हणजे भूकंप, असंच म्हणतात. त्या वेळी आवाज १२० डेसिबलच्या आसपास जातो.

याशिवाय शेवटच्या दिवसांत सकाळी ८ च्या सुमारास बँड आणि फटाक्यांनी सगळ्या गल्लीला जागं करतात. दिवसभर लहानथोर सगळे रस्त्यावर फटाके फोडत असतात. १८ मार्चच्या मध्यरात्रीनंतर मोठी आतषबाजी होते आणि १९ च्या रात्री पुतळे जाळले जातात. म्हणजे कानाला विश्रांती अशी मिळतच नाही.

१२० डेसिबल म्हणजे किती धोक्याचे?

८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तास ऐकणं ही साधारण सुरक्षित मर्यादा मानली जाते. त्यापुढे दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मी होते. ८८ डेसिबलला ४ तास, १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. १२० डेसिबलला हा वेळ १० सेकंदही उरत नाही.

गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर उभं राहिलेल्यांना याची कल्पना असेल. फरक इतकाच, की डीजेचा आवाज सलग असतो आणि फटाक्याचा आवाज एका क्षणात आदळतो. मोठा आवाज आला की कानातला एक छोटा स्नायू आकसतो आणि आतल्या भागाला थोडं संरक्षण देतो. पण हा स्नायू आकसेपर्यंत फटाक्याचा आवाज आत पोहोचलेला असतो.

कानाच्या आत काय बिघडतं?

कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखा एक भाग असतो. त्याला कॉक्लिया म्हणतात. त्यात प्रत्येक कानात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. शेतातलं पीक जोराच्या वाऱ्यात आडवं होतं, तशा या पेशी मोठ्या आवाजाने वाकतात. मार थोडा असेल तर त्या सावरतात. मग तासाभरात किंवा एक-दोन दिवसांत ऐकू येणं पूर्ववत होतं. मार जास्त असेल तर त्या मरतात, आणि माणसाच्या शरीरात या पेशी पुन्हा तयार होत नाहीत.

ऐकू येणं पूर्ववत झालं तरी पेशींना जोडलेल्या मज्जातंतूंचं काही नुकसान मागे राहू शकतं. अशा व्यक्तीला शांत खोलीत सगळं ऐकू येतं, पण हॉटेलच्या गोंगाटात समोरच्याचं बोलणं नीट कळत नाही.

‘तोंड उघडं ठेवा’ हा सल्ला पुरेसा आहे का?

मास्क्लेताच्या वेळी तोंड उघडं ठेवा, असं तिथले लोक सांगतील. घसा आणि मधला कान यांना जोडणारी एक नळी असते. ती उघडी राहिली तर पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा राहायला मदत होऊ शकते, असा त्यामागचा विचार आहे. तो पाळायला हरकत नाही. पण त्याने कॉक्लियापर्यंत जाणारा आवाज कमी होत नाही. कापसाचे बोळेही जवळजवळ निरुपयोगी आहेत.

इअरप्लग कसे निवडाल, कसे घालाल?

पाकिटावर ‘एसएनआर’ हा आकडा पाहा. तो ३० च्या आसपास असावा. फोमचे साधे इअरप्लग आपल्याकडे मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळतात. तिथे गेल्यावर आठवण झाली, तर हिरव्या क्रॉसच्या पाटीचं औषधाचं दुकान शोधा आणि ‘तापोनेस’ मागा.

- हात स्वच्छ धुवा. प्लग बोटांत फिरवून बारीक करा.
- दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा.
- प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटाने धरून ठेवा.
- आपलाच आवाज घुमल्यासारखा वाटला, तर प्लग नीट बसला आहे.

नीट बसलेल्या प्लगने प्रत्यक्षात २० डेसिबल आवाज कमी झाला असं धरा. म्हणजे १२० चे १०० झाले आणि सुरक्षित वेळ काही सेकंदांवरून १५ मिनिटांवर गेला. हिशेब ढोबळ आहे, पण ७ मिनिटांची मास्क्लेता त्यात बसते. बार छातीत जाणवतातच, त्यामुळे मजा कमी होत नाही. शिवाय कठड्याला चिकटून न राहता मागच्या रस्त्यावर उभे राहा. बार उडायला लागण्यापूर्वीच प्लग घाला.

सोबत लहान मुलं असतील तर त्यांना कान झाकणारे इअरमफ हवेत आणि चौकापासून बरंच लांब थांबायला हवं. फोमचे प्लग लहान मुलांच्या घशात अडकू शकतात. गरोदर स्त्रियांनी चौकात न जाणं उत्तम. ज्यांना आधीपासून कानात आवाज येतो, पडद्याला छिद्र आहे किंवा कानाची शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारावं. श्रवणयंत्र बंद करून ठेवणं हे संरक्षण नव्हे.

ग्रुपमध्ये असताना

एकट्याने प्लग घातले की ‘काय रे, घाबरलास?’ असं कोणीतरी म्हणतंच. म्हणून सगळ्यांसाठी एकच पाकीट घ्या आणि सगळ्यांनी घाला. दारू प्यायल्यावर आवाज आणि आग दोन्हींचं भान सुटतं. दारूमुळे झालेल्या इजेचा खर्च बऱ्याच विमा पॉलिसी देत नाहीत, हेही लक्षात ठेवा. कपडे सुती आणि बूट बंद असावेत. दमा असेल तर पंप हॉटेलवर न ठेवता खिशात ठेवा, कारण धूर भरपूर असतो.

भाजलं तर अंगठी-घड्याळ काढा आणि तो भाग २० मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काहीही लावू नका. डोळ्यात ठिणगी गेली तर चोळू नका, दाबू नका, सरळ रुग्णालय गाठा. आपत्कालीन क्रमांक ११२ आहे.

कानात आवाज येऊ लागला तर?

पहिली गोष्ट, त्या रात्रीचा पब आणि दुसऱ्या दिवशीची मास्क्लेता रद्द करा. कानाला शांतता द्या, हेडफोन लावू नका. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं.

पुढीलपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा:

- एका किंवा दोन्ही कानांनी अचानक खूप कमी ऐकू येणं
- कानातून रक्त किंवा पाणी येणं, तीव्र वेदना
- चक्कर, तोल जाणं

ऐकण्यात थोडाच फरक पडला असेल किंवा नुसता आवाज येत असेल, पण तो ४८ तासांनंतरही कायम असेल, तरीही कान तपासून घ्या.

इथेच बहुतेक जण चुकतात. ‘सुट्टी कशाला वाया घालवायची, घरी गेल्यावर बघू’ असं ठरतं आणि आठ-दहा दिवस जातात. आवाजाने ऐकू येणं अचानक कमी झालं, तर योग्य रुग्णांना स्टिरॉइडची औषधं देता येतात. ती पहिल्या काही दिवसांत सुरू झाली तर फायद्याची शक्यता जास्त असते. उशीर झाला की ही संधी हातची जाते. पडद्याचं छोटं छिद्र मात्र बहुधा काही आठवड्यांत आपोआप भरतं. तोपर्यंत कानात पाणी किंवा तेल जाऊ देऊ नका. परतीच्या विमानाबद्दल तिथल्या डॉक्टरांना विचारा.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा तुम्ही काढलेलाच असतो. त्याचा हेल्पलाइन क्रमांक ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवा. मित्राच्या कानात आवाज येत असेल तर त्याची चेष्टा करू नका. तो क्रमांक लावा आणि त्याच्यासोबत दवाखान्यात जा.