बुद्धी रक्तात असते, हे कोणत्या हाडावर लिहिले आहे?

आरक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते. "पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांत वाढलेली डोकी वेगळीच, ते रक्तातच असावे लागते." २००६ साली उच्च शिक्षणातील ओबीसी आरक्षणाला विरोध म्हणून दिल्लीत भावी डॉक्टरांनी झाडू मारले, बुटांना पॉलिश केले. त्यामागचा सूर हाच होता. (झाडू कोणाच्या हाती शोभतो, हे त्यांनी न बोलताच सांगून टाकले!) आम्ही पेशाने वकील. दावा करणाऱ्याने पुरावा द्यावा, एवढीच आमची मागणी. तो कोणी देत नाही, म्हणून मानवी मनाच्या घडणीचा कागद आम्हीच उघडतो.

दावा तसा जुना आहे. १८३९ साली फिलाडेल्फियाच्या सॅम्युअल मॉर्टन या डॉक्टरने कवट्यांवर मोठा ग्रंथ छापला. कवटीत बारीक दाणे आणि पुढे शिशाच्या गोळ्या भरून तो आतली पोकळी मोजी व वंशांची उतरंड लावी. सर्वांत वर अर्थातच गोरे! त्याची मापे चुकीची होती की बरोबर, यावर विद्वानांत आजही वाद आहे. आमच्या मते तो वादच गौण. मापे खरी धरली तरी निष्कर्ष निघत नाही. निअँडरथल मानवाचा मेंदू आपल्याएवढाच, काहींचा तर मोठा होता. आकारावर हुशारी ठरती तर आज गुणवत्ता यादी त्यांनी लावली असती.

मग मन वाढले कसे? चिंपांझीचा मेंदू सुमारे ४०० घनसेंटिमीटर, आपला साधारण १३५०. वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण ऊर्जा खातो वीस टक्के! विस्तवावर शिजवलेल्या अन्नाने हा खर्च भागला, असे काही संशोधक मानतात. टोळीत राहायचे तर दुसऱ्याच्या मनातले ताडावे लागते, त्यातून बुद्धीला धार आली, असे दुसरे सांगतात. पण आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती साधी गोष्ट. माणसाचे बाळ जन्मते तेव्हा त्याचा मेंदू प्रौढ मेंदूच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान असतो. उरलेला वाढतो तो आईच्या मांडीवर, अंगणात, बोलणाऱ्या-खेळणाऱ्या माणसांच्या सोबतीत. ती सोबतच कोणी नाकारली तर?

आता पुस्तकाकडे येऊ. लिहिण्याची कला जेमतेम पाच हजार वर्षांची, आणि त्यातही बहुतेक काळ जगातली बहुतेक माणसे निरक्षरच होती. एवढ्या अवधीत वाचनाचा म्हणून वेगळा अवयव निर्माण होत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ स्टॅनिस्लास देआन व सहकाऱ्यांनी २०१० साली ब्राझील व पोर्तुगालमधल्या लोकांचे मेंदू तपासले. वाचायला शिकले की चेहरे व वस्तू ओळखण्याच्या भागातलीच जागा अक्षरांच्या कामाला लागते, आणि मोठेपणी अक्षरओळख झालेल्यांतही हा बदल दिसला. म्हणजे पुरोहिताच्या घरचे मूल असो की आमच्या घरचे, अक्षरापुढे दोघेही कोरेच. एकाला घरात फळी भरून पुस्तके, शिकवायला काका-मावशी आणि अभ्यासाला वेगळी खोली मिळते, एवढाच फरक. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२२ मध्ये नील ऑरेलिओ नुनीस खटल्यात स्पष्ट केले की, परीक्षेतल्या गुणांत घराण्याकडून मिळालेला सामाजिक, आर्थिक व सांस्कृतिक लाभ दिसत नाही.

'रक्तात असावे लागते' म्हणणाऱ्यांपुढे आमचा एक साक्षीदार आहे. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मांग समाजाची मुलगी. घरात पिढ्यान्‌पिढ्या पुस्तक नव्हते, असू दिलेच नव्हते. पाटी हाती येऊन तिला मोजकीच वर्षे झाली होती. १८५५ साली 'ज्ञानोदय'ने तिचा निबंध छापला. वेद वाचण्याचा अधिकार ब्राह्मणांनाच असेल, तर मग आमचा धर्म कोणता, असा त्यात तिचा सवाल आहे.